सिस्टरांच्या मिनीबसवरचा अँटेना

सिस्टरांनी माझं नाव विचारण्याआधी माझं मनगट धरलं होतं. जबलपूरच्या घमापुरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, माझी नाडी पकडली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत अर्धा मिनिट गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अजून जिना चढले नाही, तरी अठ्ठ्याण्णव. कोणाला घाबरून राहिले?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

बोट न काढता त्या म्हणाल्या, "आता वाढली. चलो, खोली पाहा."

खोटं बोलणाऱ्याची नाडी चढते यावर त्यांचा पक्का विश्वास होता. दूधवाला, वीजबिलाचा माणूस, मीटर तपासणारा, सगळ्यांची मनगटं त्या बोलता बोलता धरत. लोकांना वाटे, म्हातारी मायाळू आहे. मला सत्य माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याशी हात मागे बांधून बोलायचो. सात वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो आणि सातही वर्षं गल्लीला वाटत राहिलं, की प्रोफेसरसाहेब फार नम्र आहेत.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मूळ भंडाऱ्याकडच्या, वडील कारखान्यात कामाला म्हणून जबलपूरला आले, ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणत, "ड्यूटी लागली होती." निवृत्तीनंतरही पांढरी साडी सुटली नाही, आणि नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. गल्लीत शेंबड्या पोरापासून विहारातल्या भन्तेजींपर्यंत सगळे सिस्टरच म्हणत.

निवृत्तीनंतर बायका तीर्थाला जातात. सिस्टरांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि साठाव्या वर्षानंतर गाडी चालवायला शिकल्या. आतली बाकं काढून एक खाट टाकली, कोपऱ्यात शेगडी, छताखाली पाण्याची टाकी, औषधांचं लोखंडी कपाट, एक पडदा, एक वजनकाटा. स्वतःला झोपायला मात्र जमिनीवर सतरंजी. आठवड्यातले दोन-तीन दिवस त्या कुंडमच्या पलीकडच्या डोंगरी गावांत जात आणि त्या गाडीतच राहत. गरोदर बायांचा रक्तदाब, वजन, सूज बघायची, आणि जिचं लक्षण ठीक नाही तिला गाडीत घालून थेट जबलपूरला आणायचं. गाडीचा पिवळा रंग त्यांनी बदलला नाही. मागे 'स्कूल बस' लिहिलेलं तसंच होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काहून बदलायचं? पोट्टे आहेत समजून ट्रकवाले बी जपून चालवतात. आणि खोटं कुठं आहे? पोट्टेच आहेत. जन्मले नाहीत अजून, एवढंच."

सीटवर दोन उशा घेऊन, नाक स्टिअरिंगच्या वर जेमतेम येईल अशा बसून त्या घमापुरातून निघत, तेव्हा भाजीवाले हातगाड्या आपणहून बाजूला घेत. गिअर अडकला की त्याच्याशी बोलत. "जोर नको करू, श्वास घे," असं त्यांनी त्या गिअरला म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं दूरसंचार शिकवत होतो. अँटेना या विषयावर मी फळ्यावर काढलेल्या आकृत्यांचे विद्यार्थी फोटो काढून ठेवत. पण खरा अँटेना मी कधी हातानं उचललेला नव्हता. घरात टीव्ही नीट दिसेना की बायको खालच्या गल्लीतून कोणाला तरी बोलवायची आणि तो माणूस येण्याआधी मला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायची. तिला माझी लाज वाटत असे असं नाही. मी सल्ले देत असे.

हे सगळं सिस्टरांना माहीत नव्हतं. त्या एका दुपारी गावाहून परतल्या आणि गाडीतून न उतरता तशाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मी कॉलेजातून येत होतो. त्यांनी मला हाक मारली.

"प्रोफेसर, तुम्ही ते फोनचंच शिकवता ना?"

मग त्यांनी सांगितलं. एका गावात बाळंतीण झालेल्या मुलीला अचानक रक्त जायला लागलं. गावात फोन लागत नव्हता. फोनला टॉवर मिळे तो गावामागच्या टेकडीवर. सिस्टर मुलीला तिच्या सासूच्या हवाली करून टेकडी चढल्या. जबलपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, काय करायचं ते विचारलं आणि उतरल्या.

"जायला फोन धरून सात मिनिट, यायला पाच. बारा मिनिट मी तिच्याजवळ नव्हती." त्या स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या. "पोरगी गेली."

त्यांनी माझ्या सांत्वनाची वाट पाहिली नाही. "मला गाडीत टॉवर पायजे," त्या म्हणाल्या. "यापुढं मी पेशंट सोडून टेकडी चढणार नाही. होते का असं काही?"

"होतं की," मी म्हणालो. "बूस्टर लावायचा. एका दिवसाचं काम आहे. मी करून देतो."

त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं नाही. धरायला हवं होतं.

बूस्टर बाजारात मिळाला. त्याचं तत्त्व मी दरवर्षी शिकवतो: बाहेरचा अँटेना दूरच्या टॉवरचा क्षीण संकेत पकडतो, मधलं यंत्र तो वाढवतं आणि आतला अँटेना तो गाडीत पसरवतो. दोन्ही अँटेना एकमेकांपासून भरपूर लांब ठेवायचे, नाहीतर माईक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते तसं होतं. मी मोठ्या दिमाखात केबल मोजली आणि कापली. मोजताना गाडीची लांबी धरली. वळणं धरली नाहीत. केबल अर्ध्यातच संपली. दुसरी आणायला जाणं म्हणजे सिस्टरांसमोर चूक कबूल करणं. म्हणून मी दोन्ही अँटेना हाताभराच्या अंतरावर बसवले, केबल खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"झालं," मी म्हणालो.

सिस्टरांनी माझ्यासाठी शिरा केला होता. मी दोनदा घेतला.

संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीतले फोन बंद. पानवाला फोन हवेत धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. लग्नाच्या बोलणीसाठी सतनाहून फोन येणार होता असं कोणाचं कुटुंब गच्चीवर चढलं होतं. सगळे फोन कंपनीला शिव्या देत होते, आणि मीही त्यांच्यात उभा राहून तांत्रिक शब्द वापरून शिव्या देत होतो. माझ्या बूस्टरची शिट्टी टॉवरच्या कानात वाजत आहे, हे माझ्या डोक्यात येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आलं, तेव्हा मला वाटलं, सिस्टर गावाला निघाल्या की मामला आपोआप मिटेल. त्या आठवड्यात त्या निघाल्या नाहीत. विहारात कार्यक्रम होता.

तिसऱ्या दिवशी दूरसंचार खात्याचे दोन अधिकारी आले. एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. तो चारी दिशांना फिरवत ते गल्लीतून सरळ पिवळ्या मिनीबससमोर येऊन थांबले. मी वरून पाहिलं. पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. बायकोला म्हणालो, "मी कॉलेजात आहे." ती म्हणाली, "आज रविवार आहे." मी म्हणालो, "मग लायब्ररीत आहे."

बाथरूमच्या झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं.

"माताजी, ये किसने लगवाया?" एक अधिकारी विचारत होता. "प्राइवेट आदमी को बूस्टर लगाना मना है. जुर्माना लगता है. पूरे इलाके का नेटवर्क बैठ गया है."

"गाडी मेरी है," सिस्टर म्हणाल्या. "मशीन मेरे काम के लिए लगी है. मुझे मालूम नहीं था कि मना है. निकाल के ले जाइए."

"लगाया किसने?"

"मेरी गाडी है ना? तो मुझ से पूछिए."

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खासगी माणसानं बूस्टर लावायचा नसतो, हा नियम माझ्याच अभ्यासक्रमात होता. त्या धड्यावर परीक्षेत दोनच मार्कांचा प्रश्न येतो म्हणून मी तो दरवर्षी गाळत असे. मी बादलीवर बसून राहिलो. खाली जाऊन 'मी लावला' एवढे दोन शब्द बोलायचे होते. जिना अठरा पायऱ्यांचा होता. मी गेलो नाही.

सिस्टरांनी अधिकाऱ्यांना चहा पाजला. एकाची नाडी पाहून, उद्याच डॉक्टरला दाखवा म्हणून दम भरला. लेखी घेऊन, यंत्र जप्त करून ते निघाले, तेव्हा सिस्टरांनी विचारलं, "आणि मना नाही असं काय आहे? मला पेशंटजवळ बसून फोन करायचा आहे." त्यानं सांगितलं, संकेत वाढवणारं यंत्र नको; सिमकार्ड घालायचा राउटर गाडीत ठेवा आणि त्याला चांगला साधा अँटेना बाहेर उंच लावा, त्याला कोणी हरकत घेत नाही.

थोड्या वेळानं माझं दार वाजलं. मी बाहेर आलो. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेले ते. बाथरूमात फार वेळ बसू नका, मूळव्याध होते."

मी खाली गेलो तो पाय ओढतच. म्हणालो, "सिस्टर, मला येत नाही. मी शिकवतो, पण मला येत नाही. मी कधीच केलेलं नाही."

एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली होती. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. "मग शिकू ना," त्या म्हणाल्या. "मी बी पहिलं इंजेक्शन उशीला दिलं होतं. सात उशा खराब केल्या."

आम्ही खरंच शिकलो. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून केबलचे तुकडे सोलायचे आणि टोकांना कनेक्टर बसवायचे. आतली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला जरा जरी टेकली तरी सगळं वाया. माझे पहिले अकरा फुकट गेले. सिस्टरांचा दुसराच जमला. टाके घालणारी बोटं होती ती. केबल वळवताना मी ती कोनात मोडायचो, तर हातावर चापट बसायची. "नळी अशी मोडतात का? आतून वाहायचं कसं?" मी समजावू लागलो की संकेत काही सलाइनसारखा वाहत नाही, आणि मध्येच थांबलो, कारण नियम तोच होता, केबल घट्ट मोडायची नाही. तो मी फळ्यावर सूत्र लिहून शिकवत होतो आणि त्यांना हातानं माहीत होता.

छताला भोक पाडायचा दिवस आला. सिस्टरांचा छताला विरोध होता. "वरून भोक नको, बाजूनं पाडा. पाणी वरून येते." मी बाजूला जागा ठरवली, मोजली, पुन्हा मोजली, या वेळी वळणांसह. पलीकडच्या वेल्डिंगवाल्या भैयांचं ड्रिल मागून आणलं. भैया बघायला उभे राहिले. मी जोर लावला. पत्रा फुटला, ड्रिल आत शिरलं आणि एकदम गुरगुरत अडकलं. बाहेर ओढलं तर त्याच्या टोकाला पांढऱ्या कापडाचा मोठा गोळा. आतल्या दोरीवर टांगून ठेवलेली सिस्टरांची कडक इस्त्रीची साडी मी गुंडाळून घेतली होती.

भैया रस्त्यावर बसून हसले. सिस्टर हसल्या नाहीत. साडीचा गोळा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ऑपरेशनआधी आत काय आहे ते पाहत नाहीत का तुम्ही लोक?"

भोकाला रबरी बूच बसवलं, त्यातून केबल आतल्या नव्या राउटरपर्यंत घेतली. मी अभिमानानं बाजूला झालो. त्याच आठवड्यात पाऊस झाला, आणि केबलवरून घरंगळत आलेलं पाणी बुचातून थेट औषधांच्या कपाटात. सिस्टरांनी भिजलेल्या कापसाकडे बघितलं, बाहेर जाऊन केबलकडे बघितलं आणि तिला भोकाच्या खाली एक झोका दिला. केबल आधी खाली उतरून मग वर चढून भोकात जाऊ लागली. पाणी झोक्याच्या तळाशी येऊन जमिनीवर ठिबकू लागलं. कुठल्याही चांगल्या पुस्तकात हा झोका आकृतीसह असतो. माझ्याही पुस्तकात होता. पान सव्वादोनशेच्या आसपास कुठेतरी.

अँटेना मागच्या बाजूला एका लोखंडी नळीवर बसवला होता. थांबल्यावर नळी उभी करायची आणि टॉवरच्या दिशेला अँटेना फिरवायचा. त्याची पहिली परीक्षा घ्यायला मी सिस्टरांबरोबर गेलो. बायकोला सांगून गेलो होतो की जेवायला परत येतो.

ज्या गावात ती मुलगी गेली होती, त्याच्या अलीकडच्या गावात आम्ही थांबलो. मी नळी उभी करत होतो, तेवढ्यात दोन माणसं एका बाईला धरून घेऊन आली. आठवा महिना. तोंड सुजलेलं, डोकं फुटतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे ठिणग्या. सिस्टरांनी रक्तदाब घेतला. परत घेतला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"प्रोफेसर, टॉवर."

मी छतावर चढलो. अँटेना फिरवायला लागलो. "आलं?" "नाही." "आता?" "नाही." उन्हानं पत्रा तापलेला, गुडघे भाजत होते. टॉवर कोणत्या दिशेला आहे हे मी घरून नकाशावर पाहून आलो होतो, पण त्या डोंगरांत मला पूर्व कुठे तेच कळेना. शेवटी खालच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "दादा, मोबाइल कहाँ लगता है?" त्यानं न बोलता टेकडीच्या उजव्या खांद्याकडे बोट केलं. मी अँटेना तिकडे वळवला.

"आलं!" सिस्टर ओरडल्या. "हात लावू नका! तसेच बसा!"

मी अकरा मिनिटं तसाच बसलो. खाली सिस्टर डॉक्टरीणबाईंशी बोलत होत्या. एक हात फोनवर, एक हात त्या बाईच्या कपाळावर. कोणतं इंजेक्शन, किती, कुठे, कुशीवर कसं झोपवायचं, सगळं विचारून केलं. बाईला एक झटका येऊ लागला होता, तो तिथेच दबला. "ऑपरेशन थिएटर तयार ठेवते, तुम्ही निघा," असं पलीकडून आल्याचं मला वरून ऐकू आलं.

मग सिस्टर थबकल्या. "गाडी चालवता येते तुम्हाला?"

"स्कूटर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसरा मार्ग नव्हता. त्या स्टिअरिंगवर बसल्या, मी खाटेपाशी. सोडणार नाही म्हटलेला पेशंट दुसऱ्याच्या हाती देऊन त्या गाडी चालवत होत्या, आणि तो दुसरा मी होतो. "तिच्याशी बोलत राहा," त्या पुढून म्हणाल्या. "काहीबी बोला. फक्त शिकवू नका."

मी त्या बाईला माझ्या बाथरूमची गोष्ट सांगितली. हिंदीत, सगळी, बादलीसकट. सिस्टर पुढे बसून ऐकत होत्या. बाई मध्येच डोळे उघडून म्हणाली, "फिर आप नीचे नहीं गए?"

"नहीं गया."

"डर गए थे?"

"हाँ."

तिनं समजल्यासारखी मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. त्याच वेळी छतावर भयंकर आवाज झाला. नळी खाली करायला मी विसरलो होतो. रस्त्यावर झुकलेल्या महुव्याच्या फांदीनं अँटेना, नळी आणि हातभर केबल उपटून घेतली. सिस्टरांनी ब्रेक लावला नाही. "त्याचं काम झालं," त्या म्हणाल्या.

बाई वाचली. मुलगी झाली, इवलीशी, पण रडणारी. दवाखान्याच्या बाकावर बसून मी सिस्टरांना म्हणालो, "त्या दिवशी मी खाली यायला पाहिजे होतं."

"हो," त्या म्हणाल्या. मग पदरानं घाम पुसून: "एक माणूस स्टिअरिंगवर, एक पेशंटजवळ. दोन पायजे. तुम्ही उद्यापासून गाडी शिकायला जा."

मी अडतिसाव्या वर्षी मिनीबस शिकलो. परीक्षेत दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाच उलटं जाताना खांबावर नेलं. नवा अँटेना बसवला, बिजागरीवर, म्हणजे आपला आपण आडवा होईल असा. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी मी गाडी चालवली आणि सिस्टर मागे पेशंटजवळ बसल्या. हळूहळू त्या गावांतच टॉवर उभे राहिले आणि आमच्या अँटेनावर चिमण्या बसू लागल्या. गाडी मात्र थांबली नाही. टॉवर आला म्हणून दवाखाना जवळ आला नव्हता.

मग एका सकाळी सिस्टर अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड. ॲम्ब्युलन्स बोलवतो म्हटलं तर ऐकेनात. "आपली गाडी काहून आहे मग?" वेल्डिंगवाले भैया आणि मी त्यांना उचलून त्याच खाटेवर झोपवलं. बायको जवळ बसली. मी जपून, अगदी जपून गाडी काढली. घमापुरातून बाहेर पडताना पहिल्या खड्ड्यालाच मागून किंकाळी आली. मी गाडी थांबवली.

"थांबू नका!" सिस्टर ओरडल्या. मग पुढच्या खड्ड्याला परत तसंच. आणि मग त्या बोलू लागल्या. वेदनेपेक्षा त्यांच्या आवाजात आश्चर्य जास्त होतं.

"इथं असं लागते? प्रत्येक खड्डा पाठीत घुसून राहिला! इतक्या बाया मी या खाटेवर आणल्या. इतक्या वर्षांत एकीनं बी सांगितलं नाही मला. काहून नाही सांगितलं?"

बायको त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत सिस्टर तेच विचारत होत्या. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, घराचं, किल्ल्यांचं काही सांगतील. म्हणाल्या, "गादी बदला."

हाड जोडलं, पण चालणं पूर्वीसारखं राहिलं नाही. भाची येऊन त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेली. गाडी त्यांनी विहाराला दिली, चालवायला मी आणि पेशंटजवळ एक नवी, तरुण सिस्टर.

त्या गेल्या त्याच आठवड्यात मी जाडजूड गादी आणली, खाटेच्या पायांखाली रबर घातलं. मग वाटलं, बघावं तरी. भैयांना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः खाटेवर आडवा झालो. पनागरपर्यंत गेलो. रस्ता चांगला म्हणतात तो. नवी गादी, नवं रबर, आणि मी धडधाकट माणूस. तरी तिसऱ्या खड्ड्याला मी खाटेची कड धरली, आणि पनागरच्या भाजीबाजारापाशी उतरलो तेव्हा मला सरळ उभं राहता येत नव्हतं. तिथूनच भंडाऱ्याला फोन लावला.

"सिस्टर, गादी बदलली. झोपून पाहिलं."

"मग?"

"अजून लागतं."

"मग आणखी हळू चालवा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.